व्हॅल्प्रोएट : डीआर, ईआर की सिरप? सायकियाट्रीच्या नवीन रेसिडेंटसाठी

जॉइन झालो तेव्हा माझं डोकं असं चालायचं की मॅनियाचा (मूड अति चढलेला) पेशंट खवळलाय ना, मग वाढवा व्हॅल्प्रोएट. पण आज रात्री खाट उलटवणाऱ्याला आज रात्रीच शांत करायचं तर हॅलोपेरिडॉल-प्रोमेथाझिन नाहीतर लोराझेपामचं इंजेक्शन, वेल्लोरला या दोन्हींची ट्रायल झालीये, 2004 ला छापून आली, ती वाचाच. व्हॅल्प्रोएट हे मूड स्टॅबिलायझर, म्हणजे मूडचे चढउतार आवरणारं औषध, ते पुढच्या काही दिवसांची सोय करतं, आणि ते दंडात टोचता येत नाही, म्हणजे पेशंटने ते गिळायला हवं. सगळी गंमत तिथेच आहे.

डायव्हॅलप्रोएक्स म्हणजे व्हॅल्प्रोएटचंच गोळीतलं रूप, त्याच्या डीआर (डिलेड रिलीज, उशिरा सुटणारी) आणि ईआर (एक्स्टेंडेड रिलीज, हळूहळू सुटणारी) दोन्ही पट्ट्यांवर 500 लिहिलेलं असतं, म्हणून एकच समजू नका. डीआर दिवसातून दोन-तीनदा, ईआर एकदाच. पण ईआरमधून औषध थोडं कमी शोषलं जातं, बदलताना डोस 8 ते 20 टक्के वाढवावा लागतो, नाहीतर हजारच्या जागी हजार लिहून आपणच डोस कमी करून बसतो आणि मग राउंडला म्हणतो औषध लागू पडत नाहीये.

माझा एक पेशंट गोळी घ्यायचा, पाणी प्यायचा, आ करून दाखवायचा आणि संडासात जाऊन थुंकून यायचा. मी शहाणपणा करून ईआर कुटून वरणभातात कालवायला सांगितलं. सिस्टर म्हणाल्या, "डॉक्टर, ही कुटायची गोळी नाही, सिरप लिहा की." बरोबरच होतं, कुटली की ती चोवीस तास पुरायची नाही, सगळं औषध एकदम सुटणार. सिरप 5 मिलीत 200 मिग्रॅ, गालात लपवता येत नाही, फक्त दिवसातून तीनदा पाजावं लागतं आणि काहींचं पोट बिघडतं.

व्हॅल्प्रोएटची रक्तातली लेव्हल पुढच्या डोसच्या आधी काढायची, 50 ते 125 मायक्रोग्रॅम प्रति मिलीमध्ये हवी. रात्री ईआर घेतलेल्याचं रक्त सकाळच्या राउंडला घेतलं तर आकडा फुगलेला येतो, मी त्यावर एकदा डोस कमी केला होता, बोलणी खाल्ली. लिथियम या दुसऱ्या मूड स्टॅबिलायझरचं वेगळं, तिथे शेवटच्या डोसनंतर 12 तास.

तरुण बाई असेल तर व्हॅल्प्रोएट लिहायच्या आधीच थांबा, गर्भाला धोका असतो. आणि खवळलेला पेशंट चौथ्या दिवशी गुंगीत, बरळतोय असा दिसला तर शांत झाला म्हणून खूश होऊ नका, व्हॅल्प्रोएटने रक्तातला अमोनिया वाढलेला असू शकतो, एलएफटी (लिव्हरची तपासणी) नॉर्मल असली तरी अमोनिया पाठवा.