पट्टा सुरू होण्याआधीची चाळीस मिनिटं

सकाळी 6 वाजून 20 मिनिटांनी मी गेटवर असते. 7 ला पट्टा, म्हणजे कचरा वाहून नेणारा कन्व्हेअर, सुरू होतो. मधली 40 मिनिटं माझी. त्यात नेमकं काय करायचं हे मला कुठल्या वर्गात शिकायला मिळालं नाही. म्हणून कचरा प्रक्रिया केंद्रात सेफ्टी सुपरवायझर म्हणून येऊ पाहणाऱ्या मुलामुलींसाठी हे लिहिते आहे.

मी कोल्हापूरचीच. पर्यावरणशास्त्रात बी.एस्सी. केलं आणि त्यानंतर इंडस्ट्रियल सेफ्टीचा एक वर्षाचा ॲडव्हान्स डिप्लोमा. बॅचमधली बहुतेक मुलं शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्र्यांत लागली. आपल्याकडे सेफ्टी म्हटलं की ओतकाम, वितळलेलं लोखंड, क्रेन हेच डोळ्यांसमोर येतं. मी सुक्या कचऱ्याच्या वर्गीकरण केंद्रात रुजू होणार हे सांगितल्यावर आई म्हणाली, "एवढं शिकून कोंडाळ्यात?" तिचं चुकलं नव्हतं, तिला जे दिसत होतं तेच ती बोलली. पण भट्टीचा धोका उद्याही भट्टीपाशीच असतो. कचऱ्यात तो रोज नव्याने टिपरमधून, म्हणजे कचरागाडीतून येतो, आणि आज काय आलंय ते पिशवी फुटेपर्यंत कुणालाच कळत नाही.

गेटवरून मी आधी केबिनमध्ये जाते आणि रजिस्टरचं कालचं पान उघडते. आजचं नाही, कालचं. काल जे लिहिलं ते झालं का, एवढंच बघायचं. नवीन मुलं इथेच चुकतात. कोरी चेकलिस्ट घेऊन फिरायला निघतात आणि 30 ओळींपुढे 30 खुणा करून परत येतात. मीही हेच करत होते. त्याचं काय झालं ते पुढे सांगते.

त्यानंतर रात्रीचा ढीग आणि बांधलेले गठ्ठे. पहाटे थंडीत गठ्ठ्यांच्या ओळीसमोर दोन मिनिटं नुसतं उभं राहायचं. कुठून वाफेसारखं काही निघतंय का, जळक्या प्लॅस्टिकचा किंवा गोडसर रासायनिक वास येतोय का? आजकाल सुक्या कचऱ्यात मोबाईलच्या, पॉवर बँकेच्या, खेळण्यांतल्या लिथियम बॅटऱ्या येतात. गठ्ठे बांधणाऱ्या बेलिंग मशीनच्या दाबाखाली अशी एखादी चेपली की ती लगेच पेटेलच असं नाही. आतल्या आत तापत राहते आणि चार-सहा तासांनी, शेडमध्ये कुणी नसताना, पुठ्ठा पेट घेतो. तापमान बघायची गन असेल तर प्रत्येक गठ्ठ्यावर मारा. नसेल तर मालकाकडे मागा, ही काही महाग वस्तू नाही. फुगलेली किंवा चेपलेली बॅटरी मिळाली की ती कोरड्या वाळूच्या बादलीत टाकायची आणि बादली शेडबाहेर, गठ्ठ्यांपासून लांब न्यायची. फायर सिलिंडर बघताना काटा हिरव्यात आहे एवढ्यावर समाधान मानू नका. सिलिंडरसमोर कुणी पोती रचलीत का, ते बघा. माझ्या अनुभवात सिलिंडर बिघडलेला क्वचित सापडतो. त्याच्यापर्यंत हात न पोचण्याची अडचण मात्र दर आठवड्याला दिसते.

आता पट्ट्याकडे येते, कारण माझी खरी शिकवणी इथे झाली. कन्व्हेअरच्या दोन्ही अंगांना एक तार धावते, तिला पुल कॉर्ड म्हणतात. बायका तिला 'दोरी' म्हणतात. कुठूनही ओढली की पट्टा थांबला पाहिजे. नोकरीच्या चौथ्या महिन्यात, मी तेव्हा जिथे होते तिथे, सलग तीन आठवडे मी 'पुल कॉर्ड' पुढे 'ठीक' लिहीत होते. तार जागेवर दिसत होती, म्हणून ठीक. एके दिवशी दुपारी शेवटच्या रोलरजवळ उभ्या असलेल्या मावशींच्या डोक्याला बांधलेल्या ओढणीचं टोक पट्टा आणि रोलरच्या सांध्यात गेलं. तिथली संरक्षक जाळी आदल्या दिवशी सफाईला काढलेली आणि परत बसवलेली नव्हती. शेजारच्या बाईने दोरी ओढली. दोरी हातभर आली आणि पट्टा चालतच राहिला. पॅनेलवरच्या मुलाची नजर गेली, त्याने लाल बटण दाबलं. ओढणी फाटली, मावशींच्या गळ्यावर लाल वळ उठला, आणि तेवढ्यावर भागलं.

संध्याकाळी मी सगळ्यांना विचारलं, की दोरी ढिली आहे हे कुणाला माहीत होतं का? कुणी बोलेना. शेवटी एक आक्का म्हणाल्या, "महिना झाला की ढिली हाय. मुकादमाला सांगितलो होतो." मी विचारलं, मला का नाही सांगितलं? त्या म्हणाल्या, "तुमाला कवा सांगायचं? तुम्ही तर वहीकडंच बघत जाता."

त्या रात्री मला झोप लागली नाही. माझ्या हातात वही होती, डिप्लोमा होता. दोरी ढिली असल्याचं मात्र आठ बायकांना ठाऊक होतं आणि मला नव्हतं.

तेव्हापासून माझी पद्धत बदलली. पट्टा रिकामा चालवून रोज वेगळ्या जागेवरून दोरी ओढते आणि 'ठीक'ऐवजी कुठून ओढली आणि पट्टा किती सेकंदांत थांबला ते लिहिते. खूण करायला नजर लागत नाही, आकडा लिहायला प्रत्यक्ष बघावं लागतं. जाळ्यांच्या बोल्टना हात लावून बघते. दुरुस्ती करताना फिटरने मुख्य स्विचला स्वतःचं कुलूप लावायचं आणि किल्ली स्वतःच्याच खिशात ठेवायची. दुसऱ्या कुणाकडे नाही, माझ्याकडेही नाही. बेलिंग मशीनमध्ये अडकलेला पुठ्ठा काढताना तर हे हवंच.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, पावणेसातला बायका डबे ठेवून हातमोजे घालत असतात तेव्हा मी वही बंद करून त्यांच्यात उभी राहते. "काल पट्ट्यानं काय वेगळा आवाज केला का? कुणाला काय टोचलं का?" कुणी काही सांगितलं तर ते त्यांच्यासमोर मराठीत लिहिते. दुसऱ्या दिवशी तेच वाचून दाखवते, झालं की झालं. नाही झालं तर का नाही, कधी होणार, तेही सांगते. पहिला महिनाभर कुणी काही बोलणार नाही. सांगितलेलं एखादं काम खरंच झालेलं दिसलं की मग तोंडं उघडतात. एकदा सांगितलेलं तुम्ही विसरलात, तर मात्र पुन्हा सहा महिने गप्प.

टोचण्याबद्दल थोडं सविस्तर लिहिते. घरोघरी इन्सुलिन घेतलं जातं आणि त्या सुया सुक्या कचऱ्यात येतात. 2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत (2026 मध्ये त्यांच्या जागी नवे नियम आले) वापरलेल्या सुया घरगुती घातक कचऱ्यात धरल्या होत्या, त्या वेगळ्या द्यायच्या असतात. प्रत्यक्षात वेफर्सच्या पाकिटात, दुधाच्या पिशवीत गुंडाळलेल्या सापडतात. त्याच नियमांत कामगारांना गणवेश, चमकणारं जॅकेट, हातमोजे, रेनकोट, योग्य पादत्राणं आणि मास्क द्यावेत असं नावानिशी लिहिलेलं होतं, ही यादी तोंडपाठ ठेवा. साहित्य मागताना उपयोगी पडतं. पण रबर लावलेले साधे हातमोजे सुई अडवत नाहीत. म्हणून पिशवी कधी अंगाशी धरायची नाही, हाताने दाबायची नाही, ओतून पसरायची आणि चिमट्याने उचलायची. सुईसाठी प्रत्येक टेबलाशी जाड, सुई आरपार न जाणारा डबा हवा, आणि तो पाऊण भरला की बदलायचा. सकाळी मी हे डबे हलवून बघते.

सुई लागलीच तर जखम पिळायची नाही, तोंडाने चोखायची नाही. वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायची आणि त्याच तासात दवाखाना गाठायचा. आम्ही सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयात नेतो. एचआयव्ही प्रतिबंधाची औषधं शक्यतो दोन तासांत आणि उशिरात उशिरा 72 तासांच्या आत सुरू व्हावी लागतात. "काय होतंय, एवढीशी तर हाय" म्हणणारी माणसं असतातच. त्यांना गाडीत बसवून नेणं हे तुमचंच काम आहे. तुम्ही स्वतः रुजू होण्याआधी धनुर्वाताचं इंजेक्शन आणि हिपॅटायटिस बीचे तीन डोस घ्या. 0, 1 आणि 6 महिने असे ते असतात, म्हणजे आजच सुरुवात केलीत तर बरं.

ओल्या कचऱ्याच्या केंद्रावर गेलात तर तिथला खरा राक्षस म्हणजे लीचेटचा खड्डा. कचऱ्याचं काळं पाणी साठतं, त्यातून मिथेन आणि हायड्रोजन सल्फाइड सुटतात. सल्फाइडला कुजक्या अंड्यांचा वास असतो. पण प्रमाण 100 पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत 100 भाग) आसपास गेलं की नाकच बधिर होतं. वास गेला म्हणजे वायू गेला, हा समज जीव घेतो. वायू मोजायच्या मीटरची नळी आत सोडून वर, मध्ये आणि तळाला मोजायचं, कारण मिथेन हलका म्हणून वर राहतो आणि सल्फाइड जड म्हणून खाली. ऑक्सिजन 19.5 टक्क्यांच्या खाली असेल तर कुणीही उतरायचं नाही. एखादा आत पडला म्हणून त्याच्यामागे उडी मारायची नाही, हे सगळ्यांकडून पुन्हा पुन्हा वदवून घ्या. पहिल्याला काढायला गेलेला दुसराही तिथेच राहतो.

पावसाळ्याचं गणित वेगळं. जुलैत शेडचं छत गळतं, पॅनेलखाली पाणी येतं. आरसीसीबीचं, म्हणजे वीजगळती झाली की वीज तोडणाऱ्या स्विचचं, टेस्ट बटण मी त्या दिवसांत रोज दाबते. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 39 फुटांवर गेली की इशारा, 43 ला धोका, हे आकडे कोल्हापुरात शाळकरी पोरांनाही पाठ असतात. आमच्यासाठी मात्र खरं काम पाणी ओसरल्यावर सुरू होतं. 2019 च्या महापुरानंतर चिखलाने भरलेल्या गाद्या, सडलेलं धान्य, फुटके टीव्ही यांचे डोंगर लागले होते. अशा मालाखाली घोणस बसलेली असते. हाताने गादी उचलायची नाही, लांब आकडीने ओढायची. पायाला चीर असेल त्याला त्या चिखलात उतरवू नका, लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचा ताप, तिथूनच येतो.

आता न बोलली जाणारी गोष्ट. सव्वासातपर्यंत वजनकाट्यावर टिपरची रांग लागते आणि कुणीतरी म्हणतंच, "मॅडम, आजचा दिवस चालवा, उद्या बघू." त्या क्षणी वाद घालून तुम्ही जिंकणार नाही. म्हणून एखाद्या शांत दिवशी मॅनेजरबरोबर बसा आणि कोणत्या गोष्टी बिघडल्या तर पट्टा सुरू होणार नाही हे लिहून दोघांच्या सह्या करा. माझ्याकडे चारच आहेत: दोरी, जाळ्या, पॅनेलची गळती आणि वायूचा मीटर. बाकीचं वाटाघाटीत घ्या, या चारांवर नाही.

तयारीचं म्हणाल तर डिप्लोमाबरोबर प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र घ्या, सेंट जॉन ॲम्ब्युलन्सचा कोर्स चांगला आहे. मुलाखतीला जाल तिथे आधी त्यांचं तपासणी रजिस्टर दाखवा म्हणा. महिनाभर एकही तक्रार नसेल तर मला ते केंद्र सुरक्षित वाटत नाही. तिथे कुणी बघत नाही किंवा कुणी सांगत नाही, दोन्हींपैकी एक असतं. सामान म्हणून चांगली टॉर्च, गमबूट आणि पावसात न भिजणारी वही पुरे.

काल सकाळी गेटवर पोचले तर इथल्या एक मावशी माझ्याआधीच येऊन उभ्या होत्या. "तीन नंबरच्या रोलरात किरकिर येतीया. तेवढं बघा, मग डबा ठेवतो." फिटरला बोलावलं, रोलर हाताने फिरवला. बेअरिंग गेलेलं होतं. पट्टा 7 ऐवजी 7 वाजून 25 मिनिटांनी सुरू झाला. आज सकाळी ते पान मी वाचून दाखवलं.