नथ घातलेलं मांजर: बास्टेटची मूर्ती घरी कशी घडवावी

अनंत चतुर्दशी झाली की शहापुरातल्या आमच्या गणपतीच्या कारखान्यात सामसूम होते. त्या दिवसांत मी मांजरं करते. साधी नव्हेत, इजिप्तची देवी बास्टेट. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये तिची कांस्याची एक मूर्ती आहे, इसवी सनापूर्वी ६००च्या सुमाराची, ४२ सेंटिमीटर उंच, कानात आणि नाकात सोन्याच्या रिंगा. फोटो बघून सासूबाई म्हणाल्या, "अगं बाई, मांजराला नथ!" तिथून हा नाद लागला.

माती खानापूरकडची, कुंभारकामाची घ्या. शाडूची मूर्ती आपण कच्चीच रंगवतो, हिला मात्र भाजायचं आहे. फूटभर उंच हवी तर सव्वातेरा इंचांची घडवा. सुकताना नि भाजताना माती साधारण दहावा भाग आकसते.

पुढचे पाय सरळ, शेपूट एका अंगाने पंजांपाशी आणलेली. खरी मेख मानेत आहे. आपलं मांजर चुलीपाशी मुटकुळं करून बसतं, ही दरबारात बसल्यागत ताठ. मान लांब, खांदे उतरते, आणि पाठ एकाच वळणात खाली. ही रेषा अंगठ्यानेच ओढा, कोरणीने ती तुटक होते. मान आखूड झाली की जत्रेतला मातीचा गल्ला तयार!

डोळ्यांपाशी माझी पहिली मूर्ती बिघडली. हात गणपतीचे मायाळू डोळे आखून वळलेला, त्यामुळे बास्टेट गालात हसायला लागली. घरचे म्हणाले, आता हिला मोदक ठेवा. वरची पापणी जवळजवळ सपाट ठेवा. ती तुमच्याकडे नाही, तुमच्या पलीकडे बघत असते.

दुसऱ्या दिवशी माती चामड्याइतकी घट्ट झाली की तारेने कानांच्या मागून मूर्ती उभी चिरा. आतून कोरून करंगळीएवढी जाडी ठेवा, कडा ओरबाडून पातळ चिखलाने जोडा, बुडाला भोक पाडा. भरीव मूर्ती भट्टीत फुटते. कान-नाकाची भोकंही आत्ताच, रिंगेपेक्षा जरा मोठी. सावलीत पंधरा दिवस सुकवा, पाऊस रेंगाळला तर जास्त. मग कुंभाराच्या भट्टीत जागा मागा.

भाजून आल्यावर काळपट तपकिरी रंग द्या. वाळला की हिरवा-निळा लावून लगेच फडक्याने पुसा. सांदीत उरेल तेवढाच कळिंब, म्हणजे जुन्या कांस्यावर चढणारा हिरवट थर, वाटतो. व्हार्निश नको, मूर्ती बाथरूमच्या फरशीसारखी चमकते.

रिंगांसाठी पितळेची तार पेन्सिलीभोवती गुंडाळून कापा. नाकातली रिंग मधोमध येते, आपल्यासारखी डाव्या बाजूला नाही. सासूबाईंच्या शोकेसमधल्या मांजराची मात्र डावीकडेच आहे, मोत्याची.