रेट्रो गेमचा संग्रह सजवायचा कसा: पॅच, चित्रं, शेडर आणि चौकट

दिवाळीच्या सुट्टीत ज्याच्या घरी ‘व्हिडिओ गेम’ असायचा, त्याच्या घरी अख्खी गल्ली जमायची. कॅसेटवर ‘९९९९ इन १’ छापलेलं असायचं आणि आत निघायचे दहा-बारा खेळ, तेच पुन्हा पुन्हा. चालू झाली नाही की कॅसेट काढून फुंकर मारायची. ते मशीनही निन्टेन्डोचं नसायचं. १९८३ साली जपानात आलेल्या निन्टेन्डोच्या फॅमिकॉमची ती स्वस्त नक्कल असायची.

आज तेच खेळ लॅपटॉपवर रेट्रोआर्कमध्ये, म्हणजे जुन्या मशीनची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये (एम्युलेटरमध्ये), चालतात. पण नुसते चालतात. पांढऱ्या अक्षरांतली फायलींची यादी आणि मोठ्या स्क्रीनवर ताणलेला मारिओ पाहून कुणाला काही आठवत नाही. तो संग्रह आपला वाटायला हवा असेल, तर जगभरच्या हौशी मंडळींनी फुकट बनवून ठेवलेलं सामान वापरायचं: पॅच (खेळात बदल करणाऱ्या छोट्या फायली), मुखपृष्ठांची चित्रं, शेडर (चित्रावर जुन्या टीव्हीचा आभास चढवणारे), चौकटी. हे सामान चढवण्याचा क्रम आणि त्यातले खड्डे इथे सांगतो. उदाहरण विंडोजवरच्या रेट्रोआर्कचं आणि फॅमिकॉमच्या खेळांचं आहे, कारण माझे सगळ्यात जास्त तास त्यातच गेलेत.

आधी पाया नीट घाला

रेट्रोआर्कची इन्स्टॉलरवाली नव्हे, झिप केलेली आवृत्ती घ्या आणि एका फोल्डरात उघडा. सगळं त्या एकाच फोल्डरात राहतं. उद्या लॅपटॉप बदलला तर फोल्डर उचलून न्यायचा, झालं. मग ‘ऑनलाइन अपडेटर’मध्ये जाऊन ‘कोअर डाउनलोडर’मधून एफसीईयूएमएम हा कोअर, म्हणजे फॅमिकॉमची नक्कल करणारा भाग, उतरवा. तिथूनच शेडर, ओव्हरले (चौकटी) आणि चीटच्या (जास्तीचे जीव वगैरे देणाऱ्या युक्त्यांच्या) फायलीही अद्ययावत करून घ्या.

खेळांच्या फायलींबद्दल स्पष्ट बोलू. मारिओ आणि कॉन्ट्रा यांचा कॉपीराइट अजून जिवंत आहे. आपल्या लहानपणच्या कॅसेटही बहुतेक चोरीच्याच होत्या, त्यामुळे ‘माझ्याकडे कॅसेट आहे’ हे म्हणणं फारसं टिकत नाही. हात बसवायला एखादा नवा होमब्रू, म्हणजे जुन्या मशीनसाठी हौशी मंडळींनी आज बनवलेला, खेळ विकत घ्या. ‘मायक्रो मेजेस’ हा २०१९चा खेळ जुन्या फॅमिकॉमच्या मर्यादेत, अवघ्या ४० किलोबाइटमध्ये बसवलेला आहे, आणि बनवणारे त्याची रॉम फाइल (कॅसेटच्या आतल्या खेळाची फाइल) रीतसर विकतात. बाजारात ‘दहा हजार गेम’ भरलेले पेनड्राइव्ह मिळतात, त्यांच्या वाटेला जाऊ नका. त्यात काय आहे आणि कुठल्या आवृत्तीचं आहे याचा पत्ता नसतो, आणि पुढे पॅच लावताना तीच गोष्ट नडते.

आता दोन फोल्डर करा. एकाचं नाव ‘मूळ’, दुसऱ्याचं ‘खेळ’. ‘मूळ’मधल्या फायलींना हात लावायचा नाही, प्रॉपर्टीजमध्ये जाऊन त्यांना ‘रीड-ओन्ली’ करून टाका. जे काही प्रयोग करायचे ते ‘खेळ’मधल्या प्रतींवर. हे मी शहाणपणाने नाही, फटका खाऊन शिकलो. एका रात्री मूळ फाइलवरच पॅच चढवला, आवडला नाही, तर त्याच्यावर दुसरा चढवला. खेळ चालू केला तर करडा पडदा. साफ प्रत दुसरीकडे कुठेच ठेवलेली नव्हती.

आणि संख्या आवरा. तीस खेळ निवडा. सजवलेले तीस खेळ खेळले जातात, पाच हजारांच्या यादीत बोट नुसतं खाली सरकत राहतं.

नावं आणि मुखपृष्ठं

‘इम्पोर्ट कंटेंट’मधून ‘खेळ’ फोल्डर स्कॅन केला की रेट्रोआर्क प्रत्येक फाइलची आपल्या माहितीकोशाशी गाठ घालतो आणि ओळखलेल्या खेळांची यादी बनवतो. मग ऑनलाइन अपडेटरमधून त्या यादीची थंबनेल, म्हणजे छोटी चित्रं, मागवा: डब्याचं चित्र, खेळतानाचं दृश्य, शीर्षकाचं दृश्य. ओळखलेल्या बहुतेक खेळांची चित्रं आपोआप येतात.

राहिलेल्यांची चित्रं हाताने घालावी लागतात. थंबनेलच्या फोल्डरात यादीच्या नावाचा उपफोल्डर असतो आणि त्यात तिन्ही प्रकारच्या चित्रांचे वेगळे कप्पे. चित्र पीएनजी ठेवा आणि त्याचं नाव यादीत दिसणाऱ्या खेळाच्या नावाशी अक्षर न् अक्षर जुळवा, कंसातल्या ‘यूएसए’सकट. नावात ‘अँड’चं चिन्ह, कोलन किंवा प्रश्नचिन्ह असेल तर चित्राच्या नावात त्याजागी अंडरस्कोअर टाकायचा. चित्र दिसत नाही अशी तक्रार असली की मी सर्वात आधी एखादी जास्तीची स्पेस शोधतो. सापडतेच.

हे नाव जुळवणं पुढे प्रत्येक पायरीला लागणार आहे. पॅच असो, चौकट असो की एचडी चित्रं, या दुनियेत एक वस्तू दुसरीला बहुतेक वेळा नावावरूनच ओळखते.

पॅच: खरी गंमत आणि खरी डोकेदुखी

पॅच म्हणजे मूळ खेळ आणि बदललेला खेळ यांच्यातला फरक, एवढंच. त्यात खेळ नसतो, म्हणून तो काही किलोबाइटचा असतो. कुणी नव्या पातळ्या बनवतं, कुणी चुका दुरुस्त करतं, कुणी भाषांतर करतं. ‘मदर ३’ हा गेम बॉय अॅडव्हान्सवरचा खेळ २००६ साली फक्त जपानीत आला. इंग्रजीत कंपनीने तो काढला नाही, म्हणून क्लाइड मॅन्डेलिन यांच्या पुढाकाराने हौशी मंडळींनी २००८ साली भाषांतराचा पॅच काढला. आजही तो खेळ इंग्रजीत खेळायचा तर हाच रस्ता आहे.

पॅचचे दोन प्रकार जास्त भेटतात. आयपीएस जुना आणि भोळा. ‘अमुक जागी तमुक बाइट लिही’ एवढंच त्याला कळतं. समोर चुकीची फाइल आली तरी मुकाट्याने लिहितो आणि मोकळा होतो. बीपीएस नवा आणि संशयी. त्याच्या आत मूळ फाइलचा चेकसम, म्हणजे फाइलवरून काढलेला ओळखीचा आकडा, असतो, फाइल वेगळी निघाली की तो अडतो. दोन्ही मिळत असतील तर डोळे मिटून बीपीएस घ्या.

लावण्याआधी पॅचसोबतची माहितीची फाइल वाचा. कुठल्या देशाची, कितवी आवृत्ती लागते ते तिथे लिहिलेलं असतं, आणि चेकसम दिला असेल तर आपल्या फाइलचा ताडून पाहायचा. साधी पहिली चाचणी म्हणजे आकार. मूळ सुपर मारिओची फाइल ४०,९७६ बाइटची असते: खेळाचा कोड ३२ किलोबाइट, चित्रं ८ किलोबाइट आणि वर १६ बाइटचं शीर्ष. हे शीर्ष कॅसेटमध्ये नसतंच. आत कसली चिप आहे हे एम्युलेटरला कळावं म्हणून ते नंतर जोडलेलं असतं. सुपर निन्टेन्डो या नंतरच्या मशीनच्या जुन्या फायलींना असंच ५१२ बाइटचं शीर्ष चिकटलेलं असतं. शीर्षाविना बनवलेला आयपीएस पॅच शीर्षवाल्या फाइलवर लावला की प्रत्येक बदल ५१२ घरं चुकून पडतो. त्या खेळांत करड्या किंवा काळ्या पडद्यामागे बरेचदा हेच कारण असतं.

आता लावायचा कसा? पहिली पद्धत कायमची. फ्लिप्स नावाचा छोटा प्रोग्रॅम उघडा, पॅच निवडा, ‘खेळ’मधली प्रत निवडा आणि नवी फाइल वेगळ्या नावाने सेव्ह करा. दुसरी पद्धत तात्पुरती: पॅचला खेळाच्या फाइलचंच नाव द्या, शेवटचं शेपूट तेवढं वेगळं, आणि दोन्ही एकाच फोल्डरात ठेवा. खेळ चालू होताना रेट्रोआर्क पॅच आपोआप लावतो आणि मूळ फाइल जशीच्या तशी राहते. पॅच उचलून बाजूला ठेवला की जुना खेळ परत.

चाखून बघायला दुसरी पद्धत झकास. पण तिच्यात एक चकवा आहे. नाव तेच असल्यामुळे सेव्ह केलेला डावही तोच वापरला जातो, आणि मूळ खेळाची सेव्ह-स्टेट (खेळ आहे त्या क्षणी गोठवून ठेवलेली स्थिती) पॅच लावलेल्या खेळात उघडली तर काहीही होऊ शकतं. म्हणून पॅच आवडला की पहिल्या पद्धतीने वेगळी फाइल करून टाका.

एवढं मात्र पाळा: पॅचच्या नावाखाली कुणी चालवायला एक्झी फाइल (थेट चालणारा विंडोजचा प्रोग्रॅम) देत असेल तर ती उघडू नका.

नवी चित्रं

मेसेन नावाचा दुसरा कोअर आहे, तो एचडी पॅक, म्हणजे जुन्या खेळासाठी नव्याने काढलेली चित्रं, चालवतो. फॅमिकॉमचं प्रत्येक चित्र आठ बाय आठ ठिपक्यांच्या फरश्यांचं असतं. पॅक त्या फरशीच्या जागी मोठी, तपशीलवार फरशी बसवतो. रेट्रोआर्कच्या ‘सिस्टिम’ फोल्डरात ‘एचडीपॅक्स’ नावाचा फोल्डर करा, त्यात खेळाच्या फाइलच्याच नावाचा उपफोल्डर, आणि पॅकमधलं सगळं त्यात ओता. कोअर ऑप्शनमध्ये एचडी पॅक चालू आहे ना ते बघा. मला स्वतःला हे फार रुचत नाही. पळणारा मारिओ जुना आणि मागचे डोंगर कालच रंगवलेले, असं काहीतरी दिसतं. पण घरातल्या लहान मुलांना हेच जास्त आवडतं.

चीट ‘क्विक मेनू’त आहेतच, चालू करा आणि आपोआप लागू होण्याचं बटण बंद ठेवा. कॉन्ट्रात तीस जीव हवे असतील तर त्यांची गरजही नाही: वर, वर, खाली, खाली, डावीकडे, उजवीकडे, डावीकडे, उजवीकडे, बी, ए, स्टार्ट.

पडदा: शेडर आणि चौकट

फॅमिकॉमचं चित्र २५६ बाय २४० ठिपक्यांचं. ते जुन्या काचेच्या टीव्हीसाठी बनलं होतं, जिथे ठिपके एकमेकांत मिसळायचे. आजच्या स्क्रीनवर तेच विटा रचल्यासारखे दिसतात. शेडर त्यावर काचेच्या टीव्हीचा आभास चढवतो. क्विक मेनूतून शेडरमध्ये जा, व्हिडिओ शेडर चालू करा, ‘लोड प्रीसेट’मधून सीआरटीच्या (काचेच्या टीव्हीच्या) फोल्डरातला एक निवडा. साध्या लॅपटॉपला झेडफास्ट-सीआरटी पेलतो. सीआरटी-रॉयल देखणा आहे, पण त्याला चांगलं ग्राफिक कार्ड लागतं. जमला की ‘सेव्ह कोअर प्रीसेट’ करा, म्हणजे फॅमिकॉमच्या सगळ्या खेळांना तोच लागेल.

आस्पेक्ट रेशो, म्हणजे रुंदी-उंचीचं प्रमाण, चारास तीन ठेवा. १९२० बाय १०८० च्या स्क्रीनवर मग चित्र १४४० रुंद बसतं आणि दोन्ही बाजूंना २४० ठिपक्यांच्या काळ्या पट्ट्या उरतात. चौकट, म्हणजे बेझल, या पट्ट्यांसाठी. ‘बेझल प्रोजेक्ट’मध्ये एकेका खेळाच्या तयार चौकटी आहेत, पण माझं मत विचाराल तर स्वतःची बनवा. १९२० बाय १०८० चं पीएनजी घ्या आणि मधला १४४०चा भाग पारदर्शक करा. मग एखाद्या तयार चौकटीच्या सीएफजी (सेटिंगच्या) फाइलची प्रत काढून तिच्यात फक्त चित्राचं नाव बदला. मी आजोळच्या शोकेसचा जुना फोटो वापरला आहे. डावीकडे स्टीलची फुलदाणी, उजवीकडे टीव्हीवरून घसरलेल्या क्रोशाच्या रुमालाचं टोक.

शेवटची एक सेटिंग. अमेरिका-जपानचे टीव्ही सेकंदाला साठ चित्रं दाखवायचे, आपले पाल पद्धतीचे टीव्ही पन्नास. पालसाठी बनलेल्या कित्येक नकली मशीन पन्नासच्या तालावर चालायच्या, पण आतला प्रोसेसर जवळपास मूळ वेगाने पळायचा. त्यामुळे संगीताचे सूर जवळजवळ तेच, लय मात्र सुमारे १७ टक्के संथ. कोअर ऑप्शनमधल्या ‘रिजन’मध्ये याचीच सोय आहे, ‘डेन्डी’ या नावाने. ते रशियात विकल्या गेलेल्या अशाच एका नकली मशीनचं नाव. मारिओ लावा, डेन्डी निवडा आणि पहिल्या पातळीची धून ऐका.

प्रत काढून ठेवा

पॅच आणि चित्रं ज्या ठिकाणांहून येतात, ती हौशी माणसं पदरमोड करून चालवतात. २००५पासून चालू असलेल्या रोमहॅकिंग डॉट नेटने ऑगस्ट २०२४ मध्ये नवं सामान घेणं थांबवलं आणि सगळा साठा इंटरनेट आर्काइव्हच्या हवाली केला. म्हणून लावलेला प्रत्येक पॅच त्याच्या माहितीच्या फाइलसकट ‘मूळ’ फोल्डरात ठेवा. सोबत एक साधी टेक्स्ट फाइल: तारीख, कुठल्या प्रतीवर कुठला पॅच, चालला की नाही. मग अख्खा फोल्डर पेनड्राइव्हवर. माझ्या त्या फाइलमधली कालची नोंद अशी: ‘कॉन्ट्रा, जपानी प्रत. अमेरिकन प्रतीचा पॅच लावला. पडदा करडा. माहितीची फाइल वाचली नव्हती.’