चित्रापुढे उभे राहण्याची तालीम

भरतनाट्यमचे शिक्षण पूर्ण झाल्यावर सोलापुरातील एका समकालीन चित्रप्रदर्शनात मी प्रेक्षकांसाठी नृत्याच्या अंगाने चित्रे पाहण्याचे पहिले सत्र घेतले. चित्रांवर आधारित छोटी रचना बसवावी, ती लोकांना शिकवावी आणि सर्वांनी मिळून सादर करावी, एवढीच तेव्हा माझी समज होती. लोक रमले; परंतु पाऊण तास बहुतेकांची नजर माझ्या पायांवर खिळलेली राहिली आणि भिंतीवरील चित्रांकडे फारसे कोणी पाहिले नाही. या कामाकडे वळू इच्छिणाऱ्या नर्तकांनी माझी ही चूक टाळावी. मोठ्या चित्रापुढे माणूस नकळत मागे सरकतो, लहान चित्राकडे वाकतो, मांडणशिल्पाभोवती फेरी घालतो. शरीराच्या या आपसूक हालचालींची प्रेक्षकाला जाणीव करून देणे, येथूनच सत्र सुरू होते.

नृत्य आणि चित्र यांचे नाते आपल्याकडे जुनेच आहे. नृत्य जाणल्याशिवाय चित्राचे शास्त्र कळणे कठीण, असे विष्णुधर्मोत्तर पुराणातील चित्रसूत्र या चित्रकलेवरील भागात मार्कंडेय ऋषी वज्र राजाला सांगतात. आधुनिक काळातील उदाहरणेही अभ्यासावीत. अमेरिकेतील नृत्यरचनाकार सिमोन फोर्टी यांच्या १९६०-६१ च्या नृत्यरचना न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने २०१५ मध्ये आपल्या संग्रहात घेतल्या, तर त्याच वर्षी मे महिन्यात फ्रेंच नृत्यरचनाकार बोरिस शारमात्झ यांनी लंडनचे टेट मॉडर्न हे कलासंग्रहालय दोन दिवस नृत्याचे संग्रहालय असल्याची कल्पना करून नर्तकांना आणि प्रेक्षकांना तेथे एकत्र आणले.

मात्र मला सर्वाधिक शिकवले ते सोलापूरच्या माणसांनी. येथे मराठी, तेलुगू आणि कन्नड बोलणारे लोक एकाच सत्रात येतात, आणि शब्द अडतात तेथे हात बोलू लागतात. आडव्या रेषांच्या एका अमूर्त चित्रापुढे मी प्रत्येकाला एक रेषा निवडून ती हवेत हाताने ओढायला सांगितली. तरुणपणी हातमागावर बसलेले एक वयस्कर गृहस्थ तेलुगूत काहीतरी पुटपुटले आणि धोट्याची दोरी खेचावी तसा झटका देऊन त्यांनी हात मध्येच थांबवला. चित्रकाराचा कुंचला नेमका तेथेच उचललेला होता. मी ते चित्र कितीतरी वेळा पाहिले होते, पण ती तुटलेली जागा मला दिसली नव्हती. दुसऱ्या एका गटातील मुले ‘नाच’ हा शब्द ऐकताच मागे सरली. तेव्हा सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेत नंदीध्वजाचा, म्हणजे मिरवणुकीतल्या उंच, जड काठीचा तोल कसा पेलतात, एवढेच मी त्यांना विचारले. गुडघे किंचित वाकवून, भार कमरेत घेऊन ती मुले एका उंच शिल्पासमोर उभी राहिली आणि शिल्पाचा भार कोठे टेकला आहे यावर आपसांत वाद घालू लागली.

व्यवस्थेच्या बाजूने थोडे सांगते. कलादालनाची फरशी कठीण असते, म्हणून उड्या नकोत. हात पूर्ण पसरल्यावरही कलाकृतीपर्यंत किमान दोन पावले मोकळी राहतील, हे आदल्या दिवशी सुरक्षारक्षकासोबत चालून पाहावे. त्याला विश्वासात घेतले नाही, तर तो सत्रभर धास्तावलेला राहतो आणि ती धास्ती सर्वांपर्यंत पोहोचते. पाठीवरच्या पिशव्या बाहेर ठेवायला सांगाव्यात, विचारल्याशिवाय कोणाच्याही अंगाला हात लावू नये, आणि प्रत्येक कृती खुर्चीत किंवा चाकाच्या खुर्चीत बसून करता येईल अशीच योजावी. गट बारा जणांहून मोठा नसावा. संगीत मी आता पूर्णपणे वगळले आहे, कारण ताल ऐकू आला की लोक चित्राऐवजी तालाच्या मागे जातात. मानधन ठरवताना पूर्वतयारीचे दिवसही धरावेत आणि ते लेखी घ्यावे. नवखेपणी ही गोष्ट मागायला मी फार संकोचले होते.

शेवटची दहा मिनिटे मी काहीच बोलत नाही. लोक मोकळे फिरतात, आणि कोण कोणत्या चित्राकडे परत गेले हे मी वहीत टिपून ठेवते. पुढच्या सत्रासाठी चित्रे निवडते ती त्याच वहीवरून.