सेन्सरची बॅटरी महिनाभरही टिकत नाही? या चुका टाळा

डेटाशीटमध्ये 'डीप स्लीपला (चिप झोपलेली असताना) १० मायक्रोअँपिअर' वाचायचं, बॅटरी किती वर्षं चालेल ते कॅल्क्युलेटरवर काढायचं आणि बोर्ड डब्यात घालून गच्चीवर लावून मोकळं व्हायचं. वाशीपासून घोडबंदरपर्यंत हेच बघतोय. अरे, तो आकडा ईएसपी३२ या वायफायवाल्या चिपचा आहे, तुमच्या अख्ख्या बोर्डाचा नाही!

घोडबंदर रोडच्या एका सोसायटीत पाण्याच्या टाकीवर असाच सेन्सर होता. २५०० एमएएचची '१८६५०' आकाराची लिथियम बॅटरी तीन आठवड्यांत उतरायची. बसवणारी पोरं बॅटरी विकणाऱ्याच्या नावाने खडे फोडत होती आणि आता दोन बॅटऱ्या जोडणार होती. डबा उघडला तर आत लाल एलईडी पेटलेला. मीटर लावला, ५ मिलिअँपिअरच्या आसपास! चिप झोपली होती, पण बॅटरीचं व्होल्टेज चिपला हवं तेवढं करून देणारा एएमएस१११७ रेग्युलेटर नुसता बसून करंट खात होता. २५०० भागिले ५ म्हणजे ५०० तास, म्हणजेच तीन आठवडे. बॅटरीने तिचं काम चोख केलं होतं. एलईडी उपटला, रेग्युलेटर बदलून एचटी७८३३ लावला. तो स्वतःसाठी जेमतेम ४ मायक्रोअँपिअर घेतो. बॅटरीवर चालवायचं असेल तर मी डेव्हलपमेंट बोर्ड वापरतच नाही, नुसतं मॉड्यूल (रेग्युलेटर, एलईडी नसलेली चिपची पट्टी) घेतो. सोल्डरिंगचा कंटाळा असेल त्याने या वाटेला जाऊ नये.

मोजतानाही घाई नको. मीटर मायक्रोअँपिअरवर असताना वायफाय सुरू झालं की मीटरमध्येच व्होल्टेज पडतं आणि बोर्ड रीसेट होत राहतो. मी मीटरच्या दोन्ही टोकांवर वायरचा तुकडा टाकून बोर्ड चालू करतो, तो झोपला की वायर काढतो आणि मग आकडा वाचतो.

दुसरी चूक माझ्या डोक्यात जाते. वायफाय जोडलं जाईपर्यंत थांबणारा लूप नेटवरून जसाच्या तसा उचलायचा. सोसायटीच्या ऑफिसातला राउटर रात्री बंद झाला की सेन्सर १०० मिलिअँपिअर खात सकाळपर्यंत त्याला शोधत बसतो. म्हणजे एका रात्रीत निम्मी बॅटरी गेली! १० सेकंदांत जोडलं नाही तर रीडिंग आरटीसी मेमरीत (चिप झोपली तरी जपून राहणाऱ्या) ठेवा आणि झोपा. पुढच्या वेळी पाठवा, टाकी कुठे पळून जात नाही.

सीआर२०३२ या बटण सेलवर वायफाय चालवू नका. तिला तेवढा झटका झेपत नाही.

लोरा (लांब पल्ल्याचा, कमी वेगाचा रेडिओ) वापरताना 'रेंज हवी' म्हणून स्प्रेडिंग फॅक्टर सरसकट १२वर (एसएफ१२) ठेवू नका. एसएफ७च्या मानाने तोच मेसेज पाठवायला वीसपटीहून जास्त वेळ लागतो.

टाकीतल्या फ्लोट स्विचला १० किलोओहमचा पुलअप (पिन ३.३ व्होल्टला जोडणारा रेझिस्टर) लावला, तर स्विचचे संपर्क जुळलेले असेपर्यंत ०.३३ मिलिअँपिअर सतत वाहतो. वाचायच्या क्षणापुरताच जीपीआयओ पिनवरून (कोडने चालू-बंद करता येणाऱ्या) त्याला पुरवठा द्या.

आणि बॅटरीचं व्होल्टेज मोजायला १०० किलोओहमचे दोन रेझिस्टर लावता ना? तेच २१ मायक्रोअँपिअर खातात, झोपलेल्या चिपच्या दुप्पट. १ मेगाओहमचे लावा आणि एडीसी पिनवर (व्होल्टेज मोजणाऱ्या) १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर द्या.