आधी ब्रेक, मग पेडल: मुलांना सायकल शिकवण्याची तयारी

बडोद्यात लहान मुलांना सायकल शिकवायची तर दिवाळीची सुट्टी सगळ्यात सोयीची. पाऊस संपलेला असतो, शाळा बंद असते, उन्हाचा चटकाही कमी झालेला असतो. उन्हाळ्याच्याच सुट्टीत शिकवायचं असेल तर सकाळी आठच्या आत आटपा, कारण पारा चाळिशीपार गेला की डांबर आणि सीट दोन्ही भाजतात. केव्हाही शिकवा, पण मुलाला सायकलवर बसवण्याआधी मोठ्यांनी बरीच तयारी करायची असते. ती करताना एकच प्रश्न डोक्यात ठेवा: या सायकलवर या मुलाला स्वतःहून थांबता येईल का?

सायकलीच्या मापापासूनच हा प्रश्न सुरू होतो. ‘पोरगं वाढतंय, दोन वर्षं चालेल’ म्हणून मोठी सायकल घेणं आपल्याकडे सर्रास चालतं, आणि मला ते अजिबात पटत नाही. शिकाऊ मुलाने सीटवर बसल्यावर दोन्ही पावलं टाचांसकट जमिनीवर टेकलीच पाहिजेत. साधारण चार ते सहा वर्षांच्या मुलाला १६ इंची आणि पुढे आठ-नऊपर्यंत २० इंची सायकल चालते, पण वयापेक्षा उंची बघा. मुलाला भिंतीला पाठ लावून उभं करा, दोन पायांच्या मध्ये एक वही आडवी धरा आणि वहीच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत टेप लावा. सीट या मापापेक्षा वर नको.

आता पाना शोधा, बहुतेक वेळा १५ नंबरचा लागतो. साइडची दोन छोटी चाकं काढा आणि दोन्ही पेडलंही काढा. साइडच्या चाकांवर मूल तोल सांभाळायला शिकतच नाही, उलट वळताना अंग बाहेरच्या बाजूला टाकतं, आणि मग ती सवय मोडण्यात वेळ जातो. उजवं पेडल घड्याळाच्या उलट दिशेने फिरवलं की सुटतं. डाव्याचे आटे उलटे असतात, ते घड्याळाच्या दिशेने फिरवावं लागतं, नाहीतर सुटण्याऐवजी आवळतच जातं. पुढे परत बसवताना आधी हाताने फिरवून बघा, सहज आत गेलं तरच पाना लावा. पाना नसेल तर कोपऱ्यावरचा पंक्चरवाला हे काम चुटकीसरशी करून देतो. त्याच खेपेला चाकांत हवा भरून घ्या, चेनला तेल घाला, हँडल घट्ट करून घ्या.

ब्रेकला मात्र सवडीने वेळ द्या. मुलाचा हात हँडलच्या मुठीवर ठेवून बघा, बोटं ब्रेकच्या दांडीपर्यंत पोचतात का. पोचत नसतील तर दांडीच्या बुडाशी बहुधा एक छोटा स्क्रू असतो, तो आत फिरवला की दांडी मुठीजवळ येते. मग मुलाला स्वतःच्या जोराने ब्रेक दाबायला सांगा आणि तुम्ही सायकल पुढे ढकला. चाक फिरलं तर त्या दिवशी शिकवणी नाही, आधी ब्रेक दुरुस्त. पुढचा ब्रेक कुठल्या हाताला आहे तेही बघून ठेवा. तो एकटाच कचकन दाबला तर मागचं चाक उचलतं, म्हणून पहिल्यापासून दोन्ही ब्रेक एकदम आणि हळूहळू दाबायची सवय लावा.

हेल्मेट सायकलचंच हवं. बाबांचं स्कूटरवरचं लहानग्या मानेला जड होतं. पुढची कड भुवयांच्या दोन बोटं वर, पट्ट्या कानांखाली इंग्रजी व्हीच्या आकारात, हनुवटीखाली एक बोट जाईल इतकीच जागा. उंच पोनी असेल तर वेणी खाली घाला, नाहीतर हेल्मेट मागे सरकतं. सायकलवरून उतरून मूल घसरगुंडीकडे पळालं तर हेल्मेट आधी काढून घ्या, पट्टा अडकून गळ्याला फास बसू शकतो. जोरात आपटलेलं हेल्मेट परत वापरू नका, वरून चांगलं दिसत असलं तरी. बाकी बंद बूट, नाडीचं टोक आत खोचलेलं आणि ओढणी घरी.

जागा सपाट आणि कठीण हवी. दांडिया बाजार, रावपुऱ्याच्या गल्ल्यांत दोन्हीकडे स्कूटरी लागलेल्या असतात, तिथे शिकवू नका. पोलो ग्राउंडवर जाणार असाल तर चालणाऱ्यांपासून आणि क्रिकेटवाल्यांपासून लांबचा कोपरा धरा. सोसायटीच्या पार्किंगमध्ये शिकवताना वॉचमनकाकांना सांगून ठेवा, कारण रिव्हर्स घेणाऱ्या गाडीला मागचं छोटं मूल दिसत नाही. आणखी एक: आजी मराठीत, शेजारच्या भाभी गुजरातीत आणि बाबा हिंदीत ओरडले की मूल गांगरतं. सगळ्यांनी मिळून ‘ब्रेक!’ हा एकच शब्द ठरवून घ्या.

अगदी नवशिक्या मुलाला आधी सायकल हातात धरून चालवू द्या. चालता चालता तुम्ही ‘ब्रेक!’ म्हणायचं आणि त्याने दाबायचा. हे अंगवळणी पडलं की सीटवर बसून पायांनी जमीन ढकलत जाऊ दे. दोन्ही पाय उचलून दहा-बारा फूट सरळ घरंगळत गेलं आणि ब्रेक लावून थांबलं की पेडलं बसवायची वेळ आली. पेडल मारायला लागल्यावर हँडल किंवा सीट धरू नका, मागून मुलाच्या काखेत हात द्या, म्हणजे तोल त्याचा त्यालाच कळतो. ‘आजोबा, सोडू नका हं!’ असं ते म्हणालं तर न सांगता सोडू नका. ‘आता सोडतोय’ म्हणा आणि मग सोडा. फसवून सोडल्याने मूल लवकर शिकतं असं म्हणणारे पुष्कळ भेटतील, पण पडल्यावर त्याचा तुमच्यावरचा विश्वास जातो आणि दुसऱ्या दिवशी ते सायकलकडे बघतही नाही.

बऱ्यापैकी चालवणाऱ्यासाठी खिशात खडू ठेवा. जमिनीवर रेघ मारा, पुढचं चाक रेघेवर थांबलं पाहिजे. ते जमलं की वेग थोडा वाढवून तेच. मग एका हाताने चालवणं, आणि मान वळवून मागे बघणं. तुम्ही मागे उभं राहून बोटं दाखवा, मुलाने हँडल न हलवता किती ते सांगायचं. सुरुवातीला मान वळली की सायकलही वळते, म्हणून हा सराव मैदानातच पक्का करून घ्या.

१४ आणि १५ जानेवारी, म्हणजे पतंगांचं उत्तरायण आणि त्याचा दुसरा दिवस वासी उत्तरायण, सायकल घरात ठेवा. त्याआधी पतंग उडायला लागतात तेव्हापासूनच रस्ता टाळलेला बरा. मोठी माणसं स्कूटरच्या हँडलला तारेची कमान लावून मांज्यापासून गळा वाचवतात, मुलाच्या बाबतीत तेवढ्यावर विसंबू नका. नंतरही कितीतरी दिवस झाडांवरून, तारांवरून मांजा लोंबत असतो. आधी स्वतः चालत गल्लीतून एक फेरी मारा आणि हाताला येईल तो गुंडाळून टाका. पावसाळ्यात साठलेल्या पाण्यातून सायकल घालायची नाही हेही आधीच सांगून ठेवा, खालचा खड्डा किंवा उघडी गटार दिसत नाही.

रस्त्यावर नेण्याची घाई करू नका. दहा वर्षांच्या आतल्या मुलांना येणाऱ्या गाडीचा वेग नीट जोखता येत नाही, म्हणून चांगलं चालवणाऱ्यालाही एकटं पाठवू नका. पहिल्या खेपेला रविवारची सकाळ आणि सोसायटीजवळचा शांत रस्ता निवडा, तुम्ही तुमच्या सायकलवर त्याच्या मागे, किंचित उजवीकडे. गेटपाशी पाय टेकून पूर्ण थांबायचं, आधी उजवीकडे बघायचं, मग डावीकडे, परत उजवीकडे, कारण जवळची गाडी उजवीकडून येते. नंतर डाव्या बाजूने, पण उभ्या गाड्यांना चिकटून नाही: कोणी अचानक दार उघडलं तरी लागणार नाही इतकं अंतर सोडून.