जीपच्या जुन्या ४.२ इंजिनावर ४.० चे हेड आणि फ्युएल इंजेक्शन कसे बसवावे

तेव्हा जीप बनवणाऱ्या एएमसी (अमेरिकन मोटर्स) कंपनीचे ४.२ लिटरचे सहा सिलिंडरी इंजिन (२५८ घनइंची) सीजे-५, सीजे-७ आणि १९८७ ते १९९० च्या वायजे रँग्लरमध्ये आले. ब्लॉक दणकट आणि स्ट्रोक ३.८९५ इंच लांब, त्यामुळे कमी आरपीएमवर खडकांतून चढायला याच्यासारखे इंजिन नाही. दुखणे वर आहे. हेडमधून (सिलिंडरांवर बसणारा, व्हॉल्व्ह असलेला भाग) हवा नीट जात नाही. कार्टर बीबीडी कार्ब्युरेटरच्या आयडल ट्यूब वरचेवर चोंदतात आणि तीव्र चढावर फ्लोट बाउलमधले पेट्रोल कलंडून इंजिन बंद पडते. १९९१ पासून रँग्लरमध्ये आलेले ४.० लिटरचे एचओ (हाय आउटपुट) इंजिन याच घराण्यातले आहे, म्हणून त्याचे हेड, मॅनिफोल्ड आणि इंजेक्शन जुन्या ब्लॉकवर बसवता येते.

अमेरिकेत राहून जुनी सीजे किंवा वायजे पाळणाऱ्यांसाठी हे लिहिले आहे. भारतातल्या महिंद्रा जीपमध्ये हे इंजिन नव्हते, तिथे यातले काही लागू होत नाही.

आधी ब्लॉकची परीक्षा घ्या. गरम इंजिनावर सहाही सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजा. १२० ते १५० पीएसआय यायला हवे आणि सर्वांत जास्त व सर्वांत कमी यांत ३० पेक्षा जास्त फरक नको. आकडा कमी आला तर प्लगच्या भोकातून थोडे तेल सोडून पुन्हा मोजा. तेलाने आकडा वर गेला तर रिंगा गेल्या आहेत, आणि अशा ब्लॉकवर नवे हेड म्हणजे पैसे पाण्यात.

सामान एकाच गाडीचे घ्या

या कामात सगळ्यांत जास्त वेळ वाया जातो तो चार गाड्यांमधून गोळा केलेल्या भागांमुळे. जंकयार्डात १९९१ ते १९९५ ची, ४.० एचओ असलेली एकच वायजे किंवा चेरोकी शोधा आणि तिच्यातूनच हे सगळे काढा: हेड, रॉकर, व्हॉल्व्ह कव्हर, इनटेक व एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, थ्रॉटल बॉडी, फ्युएल रेल व इंजेक्टर, डिस्ट्रिब्युटर, कॉइल, कॉम्प्युटर, रिले आणि अखंड वायरिंग हार्नेस. हार्नेस कापून काढू नका. कनेक्टर एकेक सोडवायला अर्धा दिवस गेला तरी परवडतो.

हेडवरच्या कास्टिंग क्रमांकाचे शेवटचे चार आकडे वाचा. ७१२० हे १९९१ ते १९९५ चे हेड, या कामाला सर्वांत सोयीचे. १९८७ ते १९९० च्या रेनिक्स (४.० ची एचओच्या आधीची इंजेक्शन प्रणाली) काळातले हेड टाळा. एचओ हेडचे इनटेक पोर्ट साधारण १/८ इंच वर आहेत, त्यामुळे एका पिढीचे मॅनिफोल्ड दुसऱ्या पिढीच्या हेडवर बोल्टने बसले तरी पोर्ट जुळत नाहीत. ०३३१ दिसले तर पुढे चला. २००० आणि २००१ च्या गाड्यांमधली ही हेड तिसऱ्या आणि चौथ्या सिलिंडरच्या मध्ये तडकतात आणि कूलंट तेलात उतरते.

हेड मशीन शॉपमध्ये द्या. तडे तपासून घ्या, व्हॉल्व्ह सीट घासून घ्या, व्हॉल्व्ह सील नवे टाकून घ्या. पृष्ठभाग दर ६ इंचांत ०.००२ इंचापेक्षा जास्त वाकडा नसावा.

पाण्याचे मार्ग

हेडच्या कामात खरी गोम इथे आहे. दोन्ही इंजिनांचे पाण्याचे मार्ग तंतोतंत जुळत नाहीत. नवे गॅस्केट आधी हेडवर ठेवा, मग ब्लॉकवर, आणि दोन्हीकडे मार्करने कडा आखा. हेडमधले जे भोक गॅस्केटच्या सीलबाहेर येते किंवा ज्याच्याखाली ब्लॉकची सपाट जागा नाही, ते बुजवायलाच हवे. मशीन शॉप आटे पाडून प्लग बसवते किंवा वेल्ड करते, आणि मग पृष्ठभाग पुन्हा घासते. उष्णता सोसणारे स्टीलयुक्त इपॉक्सीही चालते, पण भोक आतून तारेच्या ब्रशने पांढरे होईपर्यंत साफ केले आणि ग्रीसचा कण उरला नाही तरच. हे टाळले तर कूलंट बाहेर तरी झिरपेल नाहीतर तेलात जाईल, आणि डिपस्टिकवर चहाच्या रंगाचा फेस दिसेल.

हेड बसवणे

बॅटरी सोडवा, कूलंट काढा, जुने मॅनिफोल्ड आणि हेड उतरवा. हेड बिडाचे आणि लांबलचक आहे, एकट्याने उचलू नका. ब्लॉकच्या बोल्टच्या भोकांत आटे साफ करणारा टॅप फिरवून हवेने फुंकून काढा, कारण तळाशी तेल किंवा पाणी राहिले तर टॉर्क खोटा लागतो. बोल्टची जाडीही बघा. ४.० ला १/२ इंची बोल्ट लागतात, काही जुन्या ब्लॉकना ७/१६ इंची असतात. तसे असेल तर आधी मशीन शॉपशी बोला.

नवे बोल्ट वापरा. फॅक्टरीच्या क्रमाने तीन फेऱ्यांत आवळा: पहिली २२ फूट-पाउंड, दुसरी ४५, तिसरी ११०. अपवाद ११ क्रमांकाच्या बोल्टचा. तो पाण्याच्या मार्गात उतरतो, म्हणून त्याच्या आट्यांना सीलंट लावा आणि शेवटी १०० वर थांबा. नेमका हाच विसरला जातो आणि मग कूलंट कुठून गळतेय ते आठवडाभर सापडत नाही.

पुशरॉड (कॅमवरच्या लिफ्टरची हालचाल वर रॉकरपर्यंत नेणाऱ्या दांड्या) जुने की ४.० चे, यावर ठोकताळे लावू नका. हेड किती घासले आणि गॅस्केट किती जाड, यावर लांबी ठरते. लांबी बदलता येणारा तपासणीचा पुशरॉड आणा. लिफ्टर कॅमच्या पाठीवर असताना ढिलाई शून्यावर आणा आणि तिथून हायड्रॉलिक लिफ्टर ०.०२ ते ०.०५ इंच दबेल एवढी लांबी घ्या. रॉड लांब झाला तर व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही आणि जळतो, आखूड झाला तर टकटक थांबत नाही. रॉकरचे बोल्ट २१ फूट-पाउंड.

४.० च्या हेडमधला ज्वलनकक्ष लहान असल्याने कॉम्प्रेशन वाढते. आधी ८७ ऑक्टेनवर खूश असलेले इंजिन आता चढावर खडखडले तर एक पायरी वरचे पेट्रोल भरा.

पॉवर स्टिअरिंगच्या पंपाचे ब्रॅकेट ४.० मध्ये इनटेक मॅनिफोल्डवर बसते, त्यामुळे जुने व्ही-बेल्ट असलेल्या सीजेत थोडी जुळवाजुळव करावी लागते. सर्पंटाइन बेल्ट (सगळ्या पुल्यांवरून जाणारा एकच रुंद पट्टा) घेत असाल तर वॉटर पंपही त्यासोबतचाच घ्या. त्या बेल्टवर पंप उलटा फिरतो, आणि चुकीच्या दिशेचा पंप लावला तर गाडी तापते, बाहेरून मात्र सगळे ठीक दिसते. एक्झॉस्टचा पाइप नव्याने वाकवून घ्यावा लागतो. ऑक्सिजन सेन्सर मॅनिफोल्डच्या खाली पाइपात बसवा. त्याच्या वरच्या बाजूला जोडात कुठेही फट राहिली तर कॉम्प्युटरला मिश्रण पातळ (हवा जास्त, पेट्रोल कमी) वाटते आणि तो उगीच पेट्रोल ओतत राहतो.

पेट्रोलची वाट

कार्ब्युरेटरचा यांत्रिक पंप काढून ती जागा प्लेटने बंद करा. १९९१ ते ९५ च्या इंजेक्शनला रेलमध्ये सुमारे ३१ पीएसआय लागतात, रेग्युलेटरची व्हॅक्युम नळी काढल्यावर ३९. पंप टाकीत बसवलात तर उत्तम. बाहेर, चॅसिसवर लावायचा असेल तर टाकीच्या तळापेक्षा वर ठेवू नका, कारण हे पंप ढकलतात चांगले, ओढतात वाईट. रबरी नळी इंजेक्शनसाठीचीच, म्हणजे एसएई जे३० आर९ घ्या. कार्ब्युरेटरची साधी नळी या दाबाला टिकत नाही आणि खाली तापलेला एक्झॉस्ट असतो. परतीची नळी मोकळी असल्याची खात्री करा.

४.२ चे आकारमान ४.० पेक्षा साडेसहा टक्क्यांच्या आसपास जास्त आहे. नेहमीच्या चालण्यात ऑक्सिजन सेन्सर हा फरक भरून काढतो, पूर्ण थ्रॉटलला मात्र मिश्रण किंचित पातळ राहते. त्यासाठी दाब बदलता येणारा रेग्युलेटर लावतात.

वायरिंग आणि सेन्सर

गाडी सुरूच होत नाही, तेव्हा शंभरात नव्वद वेळा दोष इथेच निघतो. ४.० चा क्रँक सेन्सर बेलहाउसिंगमधून फ्लायव्हीलवरच्या खाचा वाचतो: चार-चार खाचांचे तीन गट. जुन्या बेलहाउसिंगला त्यासाठी भोकच नाही. सोपा मार्ग म्हणजे पुढच्या पुलीवर खाचांची चकती आणि ब्रॅकेट लावणारा किट. सेन्सर आणि चकतीमधले अंतर किटच्या पत्रकाप्रमाणे फीलर गेजने ठेवा, अंदाजाने नाही.

डिस्ट्रिब्युटर बसवताना पहिला सिलिंडर कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणा. फायरिंग क्रम १-५-३-६-२-४ तोच आहे. जुन्या मेकॅनिकची सवय इथे नडते: टायमिंग लाइट लावून डिस्ट्रिब्युटर फिरवायचा. एचओमध्ये ठिणगीची वेळ कॉम्प्युटर क्रँक सेन्सरवरून ठरवतो. डिस्ट्रिब्युटर फिरवलात तर टायमिंग बदलत नाही, फक्त रोटर आणि कॅपचा मेळ बिघडतो.

अर्थच्या तारा ब्लॉकवर डिपस्टिकच्या नळीच्या स्टडवर, रंग खरवडून घट्ट बसवा. स्पीड सेन्सर सोडू नका. तो नसला तर गाडी चालते, पण सिग्नलला थांबताना आयडल कोसळून बंद पडते आणि लोक थ्रॉटल बॉडी साफ करत बसतात. डॅशबोर्डच्या तापमापकासाठी जुनाच सेंडर वापरा, नव्याचा रोध वेगळा असल्याने काटा खोटे बोलतो.

पहिल्यांदा सुरू करताना

चावी दोन-तीनदा फक्त ऑन करा. क्रँकचा सिग्नल नसताना पंप जेमतेम काही सेकंद चालतो, तेवढ्यात रेल भरते. कुठे ओल दिसते का ते टॉर्चने बघा. कूलंट भरताना हेडच्या मागच्या टोकाचा सेंडर ढिला करून हवा बाहेर जाऊ द्या, पाणी आले की आवळा. नाहीतर हवा तिथेच अडकते आणि मागचे सिलिंडर तापतात.

पहिल्या तासाभरानंतर तेल बदला आणि काढलेले तेल पांढऱ्या बादलीत ओतून दुधाळपणा आहे का ते बघा.

कॅलिफोर्नियात १९७६ आणि त्यानंतरच्या पेट्रोल गाडीला स्मॉग (धुराच्या प्रदूषणाची) चाचणी आहे. तिथे नोंदणी असेल तर सामान घेण्याआधीच रेफरी केंद्राशी (इंजिनात असे बदल केलेल्या गाड्या तपासणारे केंद्र) बोला. दाता गाडीचे (जिच्यातून सामान काढले तिचे) उत्सर्जन-नियंत्रणाचे सगळे भाग, कॅनिस्टरच्या (पेट्रोलची वाफ धरून ठेवणाऱ्या डब्याच्या) नळ्यांसकट, जागेवर असावे लागतात, आणि ते त्याच जंकयार्डातून त्याच दिवशी काढून आणणे सगळ्यांत स्वस्त पडते.